हलगी शिकवणाराही वस्तादच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात डॉल्बीविरुद्धच्या पत्रांची रांग लागते. त्या रांगेत मीही दोन-तीनदा उभा राहिलो आहे आणि त्या पत्रांचा काय उपयोग झाला, हे मिरवणुकीच्या रात्री खिडक्यांची तावदाने थरथरू लागली की दरवर्षी कळते. म्हणून या वेळी आवाजाबद्दल लिहीत नाही. आमच्या कोल्हापुरातल्या पेठांमधली दहा ते सोळा वर्षांची मुले संध्याकाळी पाच ते आठ या वेळात कुठे असतात आणि त्यांच्यासाठी तालमी व तरुण मंडळांना काय करता येण्यासारखे आहे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षे शिकवून मी निवृत्त झालो. मुलांचे शिकणे शाळेच्या घंटेपाशी थांबत नाही, हे इतक्या वर्षांत पुरेसे पाहिले आहे.

आपल्या बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करतो. कोल्हापुरात तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा नव्हे. लाल मातीचा हौद, कोपऱ्यात मारुती आणि भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्या हे तिचे मूळ रूप खरे, पण गेल्या शंभर वर्षांत तिच्याभोवती पेठेचे सगळे सार्वजनिक आयुष्य गोळा झाले आहे. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, रक्तदान शिबिर तालमीचे, आणि शेजारच्या भांडणाचा निवाडाही बऱ्याचदा तालमीच्या कट्ट्यावरच होतो. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावे पाहावीत: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीसाठी जन्मलेल्या संस्थेने फुटबॉलचा संघ बाळगावा आणि त्या संघाच्या जर्सीच्या रंगावरून पेठेतल्या घरांनी आपली ओळख सांगावी, हे दुसऱ्या शहरात सहसा दिसत नाही. तिथे संघ कंपनीचा किंवा मालकाचा असतो. इथे तो गल्लीचा असतो, आणि गल्लीतल्या आजीलाही परवाच्या सामन्यात पेनल्टी कोणी घालवली हे माहीत असते.

खेळ आणि संगीत या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांत टाकण्याची सवय आपल्याला शाळेच्या वेळापत्रकाने लावली. या शहराची जुनी रचना मात्र तसे सांगत नाही. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले, तिथे रोमचे जुने क्रीडागार पाहून आले आणि त्या धर्तीवर 1912 साली खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. पाठोपाठ 1915 साली त्याच आवारात, मैदानाला पाठ लावून, नाट्यगृह बांधले गेले. तेव्हाचे ते पॅलेस थिएटर पुढे गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. एका बाजूला माती आणि दुसऱ्या बाजूला रंगमंच, मध्ये जेमतेम एक भिंत. हा शेजार काही योगायोगाने जमलेला नसावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत नाटकवाले होते तसे पैलवानही होते. त्यांपैकी अनेकांनी आयुष्यात तिकीट काढून एकही संगीत नाटक पाहिले नसेल. तरी आपल्या घराची भिंत जळते आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

कुस्तीच्या मैदानात हलगी का वाजते, याचा विचार आपण क्वचितच करतो. जोड लागते तेव्हा ठेका सावकाश असतो. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत असतात आणि हलगीवालाही त्यांच्यासोबत अंदाजच घेत असतो. एकाने पट काढला, दुसरा खाली आला, की हलगीच्या जोडीची घुमकं आणि कैताळ ही वाद्ये जागी होतात, ठेका चढतो, आणि कुस्ती चितपटीकडे निघाली आहे हे मैदानाच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या, नीट दिसत नसलेल्या म्हाताऱ्यालाही कानाने कळते. हे वादन पाठ केलेले नसते, ते समोरचा खेळ वाचून उमटत असते. म्हणजे चांगल्या हलगीवाल्याला कुस्ती पैलवानाइतकीच कळावी लागते. लेझमीचे तर त्याहून सरळ आहे: तिला व्यायामाचे साधन म्हणावे की वाद्य, हे ठरवणेच कठीण. अर्धा तास खालीवर पवित्रे घेतले की मांड्या भरून येतात, आणि चाळीस मुलांत एकाचा झणत्कार मागे पडला तर तो त्याला स्वतःलाच आधी ऐकू येतो. मास्तरांनी कान पिळण्याची गरज उरत नाही.

अशी विद्या ज्यांच्या हातात आहे, त्यांना आपण कसे वागवतो, हा माझ्या पत्राचा खरा मुद्दा आहे. हलगी वाजवणारी घरे आपल्याकडे प्रामुख्याने मातंग समाजातली आहेत. मैदानाच्या दिवशी, वरातीत, जत्रेत त्यांना बोलावणे येते, सुपारीचे पैसे हातावर ठेवले जातात आणि मंडळी त्यांना विसरतात. पैलवान घडवणाऱ्याला आपण वस्ताद म्हणतो आणि त्याच्या पाया पडतो. हलगीवर तीन पिढ्या हात चालवलेल्या माणसाला मात्र आपण ‘वाजंत्री’ म्हणतो, आणि तेही पुष्कळदा एकेरीत. डॉल्बी आल्यावर तर त्यांचे बोलावणेही आटले. आवाजाचे नियम 2000 सालापासून आहेत, निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादाही कागदावर आहे, पण डॉल्बीने मोडलेली सर्वांत मोठी गोष्ट मर्यादा नव्हेच. भाड्याच्या भिंतीएवढ्या पेट्यांमुळे पेठेतल्या मुलाला काही वाजवता येण्याची गरजच संपली, हे नुकसान मला अधिक वाटते. पूर्वी मिरवणुकीत नाचायचे तर निदान लेझीम हातात धरता यावी लागे, तिच्यासाठी महिनाभर आधी तालमीत जावे लागे. आता ट्रॅक्टरमागे चालता आले की पुरते.

ज्या 1902 सालाचा वर उल्लेख केला, त्याच साली 26 जुलैला महाराजांनी मागासवर्गीयांसाठी आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून देऊन तिथे स्वतः जाऊन चहा घेणारे राजे ते हेच. त्यांच्या नावाने चौक, स्टेडियम, सभागृहे आणि दरवर्षीची मिरवणूक असलेल्या गावात हलगी शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणवत नसेल, तर त्या मिरवणुकीत आपण नेमके काय मिरवतो, हा प्रश्न तालमीच्या पदाधिकाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावा.

हे सगळे मला घरबसल्या सुचलेले नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी गावात शिरले, महामार्ग बंद पडला, तेव्हा आमच्या शाळेत पूरग्रस्तांची छावणी होती आणि मी तिथे मुक्कामी होतो. पेठांमधल्या मंडळांच्या पोरांनी त्या दिवसांत जे केले ते सर्वज्ञात आहे: होडीतून म्हातारी माणसे काढली, भाकरी-आमटीचे डबे पोहोचवले, औषधे आणली. पण एका गोष्टीची कुठे नोंद झाली नाही, ती इथे लिहून ठेवतो. तिसऱ्या दिवशी छावणीतल्या मुलांची अवस्था मोठ्यांपेक्षा बिकट झाली होती. बाहेर पाऊस, आत ओल्या चादरी, घरात पाणी किती चढले यावरच सतत बोलणे. मुले एकमेकांवर ओरडत होती आणि आया त्यांच्यावर. जेवणाचे डबे घेऊन आलेल्या दोन तरुणांनी हे पाहिले. त्यांतला एक तालमीच्या संघात गोलरक्षक होता आणि दुसरा हौशी हलगीवादक. दुसऱ्या दिवशी ते डब्यांबरोबर एक जुना फुटबॉल घेऊन आले. पाऊस उघडला तेवढ्या वेळात शाळेच्या व्हरांड्यात चप्पलांचे गोल मांडले गेले. मग माझ्या लक्षात आले की क्रीडा साहित्याच्या कपाटात लेझमी पडून आहेत. कपाटाची किल्ली तीन वर्षांत कुणी मागितली नव्हती. कुलूप तोडावे लागले. बावीस लेझमी निघाल्या, बहुतेक गंजलेल्या, काहींच्या साखळ्या तुटलेल्या, पण चौदा वाजत होत्या.

त्या तरुणाकडे हलगी नव्हती, म्हणून त्याने रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. पुढचे चार दिवस संध्याकाळी तासभर हा कार्यक्रम चालला. आधी लहान मुले, मग मोठ्या मुली, आणि शेवटच्या दिवशी दोन आया. एक मुलगा मला आठवतो. तो वर्गात कधी दहा मिनिटे जागेवर बसला नव्हता, त्याच्याबद्दल मी स्वतः त्याच्या वडिलांकडे तक्रार केली होती. लेझमीच्या ओळीत तो सलग चाळीस मिनिटे उभा होता आणि चुकणाऱ्याला हळूच सांगत होता, “मोज की मनात.” त्याला मोजता येत होते तर. आम्ही त्याला मोजायला देत होतो ते पाढे होते, एवढाच फरक. त्या मुलाचे पुढे काही अद्भुत झाले, अशी गोष्ट सांगून मी या पत्राला चव आणणार नाही. तो दहावी झाला आणि आता एका गॅरेजमध्ये काम करतो. पण गणपतीच्या महिन्यात तो तालमीत लहान मुलांना लेझीम शिकवायला येतो, बिनपैशाने, आणि त्याला तिथे मुले ‘दादा’ म्हणतात. वर्गात त्याला कुणी असे काही म्हटले नव्हते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. पहिला असा की ज्या तालमींच्या समर्थकांत फुटबॉल सामन्यानंतर हाणामारी होते, त्यांच्या हाती मुले कशी सोपवावीत? मला स्वतःला या हाणामारीची लाज वाटते. एकदा तर स्टेडियमबाहेर दगडफेकीत मी नातवाला घेऊन दुकानाच्या शटरआड उभा होतो. पण बारकाईने पाहिले तर दगड मारणाऱ्यांत मैदानावर खेळलेले फार थोडे असतात. ज्याने स्वतः नव्वद मिनिटे धावून हार पचवलेली असते, त्याला गॅलरीतून दगड मारण्याचा जोर उरत नाही. तालमीच्या नावाचा अभिमान हवा पण तालमीची मेहनत नको, अशी जी पोरे मधल्या काळात तयार झाली, ती मेहनतीची जागा बंद पडल्यामुळे झाली, असे माझे मत आहे. ते चुकीचे असेल तर कुणी दाखवून द्यावे.

दुसरा आक्षेप मुलींचा. माझ्या लहानपणी मुलींनी तालमीच्या उंबरठ्याआत यायचे नाही, असा दंडक होता आणि अजूनही काही ठिकाणी तो न बोलता पाळला जातो. मात्र शिवजयंतीला चौकात दांडपट्टा फिरवणाऱ्या, लाठीकाठी करणाऱ्या आणि डोळे बांधून लिंबू कापणाऱ्यांत आज मुलीही पुढे दिसतात, आणि त्यांना टाळ्या वाजवणारे तेच पदाधिकारी असतात. नेमबाजीत 2010 साली म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आणि 2018च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत या दोघीही याच गावच्या. त्यांच्या अभिनंदनाचे फलक आपण तालमीवर लावतो. फलकावर मुलगी चालते, मग आत का चालू नये? हौदाच्या खोलीबद्दल कुणाच्या श्रद्धा असतील तर त्यांच्याशी मी वाद घालत नाही; लेझीम, हलगी आणि फुटबॉल यांना हौद लागत नाही.

आपल्याच राज्यात याचे उदाहरण आहे. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुले पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि 2001 साली त्यांच्यासाठी फुटबॉलचे काम सुरू केले. त्यावर पुढे चित्रपट निघाला म्हणून ते सर्वांना ठाऊक झाले. मला त्यात महत्त्वाची वाटते ती सुरुवात: एक शिक्षक, एक मैदान, एक चेंडू. आपल्याकडे शिक्षक आहेत, चेंडू आहेत, आणि नागपूरला जे शून्यातून उभारावे लागले ते तालमींचे जाळे आपल्याला वारशाने मिळालेले आहे. उरले मैदान. मोकळ्या जागांवर गाड्या लागतात, प्रदर्शने भरतात, सभा होतात; आणि नव्याने झालेली टर्फ तासाच्या भाड्याने मिळतात, ज्याच्या खिशात वर्गणीचे पैसे आहेत त्यालाच. शाळांची पटांगणे मात्र साडेपाच वाजता कुलूपबंद होतात. ही कुलुपे कुणी काढायची याचे उत्तर मागायला मी एका कार्यालयात चार खेटे घातले, प्रत्येक वेळी मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवले गेले आणि पाचव्या खेपेला पहिल्याच टेबलावरचे गृहस्थ बदलून गेलेले होते.

तेव्हा माझे म्हणणे आपल्यामार्फत संबंधितांपुढे ठेवतो. जी तालीम किंवा मंडळ जून ते मार्च आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी मुलामुलींचा विनाशुल्क वर्ग चालवेल, तिला जवळच्या महापालिका शाळेचे पटांगण आणि एक खोली पाच ते आठ या वेळात भाड्याशिवाय मिळावी. दिवाबत्तीचा खर्च मंडळाने भरावा आणि किल्लीची जबाबदारी एका शिक्षकाने घ्यावी. खेळाडू आणि वादक स्वयंसेवक म्हणून येतील, येतातच, पण जो पोटासाठी हलगी वाजवतो त्याची सेवा फुकट मागू नये. त्याला दरमहा मानधन मिळावे आणि वर्गाच्या फलकावर फुटबॉल प्रशिक्षकाशेजारी त्याचेही नाव, मागे वस्ताद लावून, लिहिले जावे. एका रात्रीच्या डॉल्बीवर जे उधळले जाते त्यात असा वर्ग किती महिने चालेल, याचा हिशोब प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराला माझ्यापेक्षा चांगला करता येईल, म्हणून आकडा देत नाही.

उत्सवातली बक्षिसे हाही एक मार्ग आहे. देखावा, मूर्ती, मिरवणुकीतील शिस्त यांना गुण दिले जातात ते योग्यच, पण परीक्षकांनी मंडळाकडून वर्षभराच्या वर्गाची हजेरीवही मागावी आणि तिच्यासाठी गुण ठेवावेत. अकरा दिवसांत हजेरीवही बनवता येते, हे मला शिक्षक असल्यामुळे ठाऊक आहे. म्हणून परीक्षकांनी वहीबरोबर दोन मुलांना पुढे बोलावून लेझीम हातात द्यावी, खरेखोटे एका मिनिटात कळेल. आणि जळालेले नाट्यगृह पुन्हा पूर्ण उभे राहील तेव्हा महिन्यातून एक संध्याकाळ पेठांमधल्या मुलांसाठी राखून ठेवता आली तर पाहावी. उद्घाटनाला मोठे कलावंत येतीलच, यावेत. पण पलीकडे खासबागेत हलगी वाजत असताना अलीकडे तिचा ठेका शिकलेली मुले रंगमंचावर उभी असणे, हे त्या वास्तूला परके नाही.

शाळेतल्या त्या बावीस लेझमींपैकी बाकीच्या आठ मी निवृत्तीनंतर दुरुस्त करून घेतल्या. साखळ्या नव्या बसवल्या, दांडे घासून तेल लावले. सगळ्या सध्या माझ्या घरी पोत्यात बांधलेल्या आहेत, शाळेच्या मुख्याध्यापकांना तसे लेखी कळवलेले आहे. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी मला वेळ असतो. त्या छावणीतला हलगीवादक आता चाळिशीकडे झुकला आहे. तोही यायला तयार आहे, आणि या वेळी त्याच्याकडे डबा नाही, वडिलांची हलगी आहे. आम्हाला फक्त पटांगणाची किल्ली हवी आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर